लाल पट्ट्याची ट्रंक

"येते की," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या चटकन म्हणाल्या की हेमंतची पंचाईत झाली.

सुलतान बाजारातल्या ऑफिसातून तो चिक्कडपल्लीला आला होता तो चांगली तासभर मनधरणी करायच्या तयारीनं. वाटेत उस्मानिया बिस्किटांचा पुडाही घेतला होता. सुरेश आचाऱ्याला कावीळ झाली होती, अंदमानची सहल आठ दिवसांवर आली होती, आणि नावं नोंदवलेल्या बत्तीस जणांनी एकच धोशा लावला होता: या खेपेला पत्रकावरच्या त्या मावशी स्वतः बरोबर हव्यात. हे सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं तोच बाईंनी हौ म्हणून टाकलं, वर चहाही ठेवला. त्यानं पुडा खाली ठेवला, पाया पडला आणि गेला. जिना उतरताना तो शीळ घालत होता, ते बाईंनी ऐकलं.

"घाल बाबा," त्या कढईला म्हणाल्या. "घालून घे."

आता या बाईला एवढं लागलं तरी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईच खाष्ट. तशा त्या थोड्या होत्याच. सुशीलाबाई बिरादार उदगीरकडच्या. नवरा उमाजी अफझलगंजात धान्याच्या आडतीवर कामाला होता, तो अठ्ठ्याहत्तर साली गेला, आणि बाईंनी चिक्कडपल्लीच्या दोन खोल्यांत खानावळ घातली. बावीस ताटं. बँकेत लागलेली पोरं, विद्यापीठात शिकणारी पोरं, पुण्या-मुंबईहून नोकरीपायी येऊन पडलेली आणि रोज सांबार बघून रडकुंडीला आलेली पोरं. पंधरा वर्षांत वाढायला दुसरी बाई ठेवली नाही. हात माझा, तर वाढणार पण मीच, ही त्यांची अट. पुण्याचा हेमंत त्या बाविसांतलाच. तीन वर्षं दोन्ही वेळा तिथं जेवला. त्याला टायफॉइड झाला तेव्हा बाईंनी महिनाभर त्याला मऊ भात भरवला होता. पण ते सोडा, केलेलं बोलून दाखवू नये.

मग गावाला नवाच वारा लागला. दुकानांच्या पाट्या बदलल्या, गच्च्यांवर डिशच्या तबकड्या आल्या, आणि ज्यांनी जन्मात तिरुपतीपलीकडे काही पाहिलं नव्हतं ती माणसं काश्मीर बंद तर अंदमान दाखवा म्हणू लागली. त्र्याण्णव साली हेमंतनं नोकरी सोडून सहलींची कंपनी काढली. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. मराठी माणूस जगाच्या टोकाला जाईल, पण तिथं त्याला वरण-भात पाहिजे, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. तेव्हा सहलीबरोबर स्वयंपाकघरच न्यायचं. बाईंना म्हणाला, मावशी, बावीस ताटांत कशाला अडकून पडता, आपण आख्ख्या हिंदुस्थानात पंगती उठवू. बाईंनी खानावळ बंद केली आणि बावीसच्या बावीस ताटं मोडीत घातली.

आणि मग काय, गरज सरो वैद्य मरो. सहा महिने बाई ऑफिसच्या मागच्या खोलीत मसाले कुटत होत्या, आणि शेजारी पाटावर बसून सुरेश सगळं वहीत उतरवून घेत होता. वही भरली तसं हेमंत म्हणाला, मावशी, आता तुम्ही आराम करा. फोटो मात्र त्यानं ठेवून घेतला. पत्रकाच्या पहिल्याच पानावर बाई, हातात उलथनं, खाली ओळ: 'मावशींच्या हातचं, कुठंही जा.' रांधायचा सुरेश आणि लोक खायचे मावशींचं. कुणी विचारलंच तर सांगायचं, मावशी पुढच्या मुक्कामी स्वयंपाकाला लागल्यात. तीन वर्षं बाई सगळ्या देशभर पुढच्या मुक्कामी होत्या. पत्रकावर बिरादार हे नाव कुठं नव्हतं. सुशीला पण नव्हतं.

बाईंनी डूख धरला. भांडायला गेल्या असत्या तर हेमंतनं हसून, हात जोडून, पाया पडून वेळ मारून नेली असती. त्या तिन्ही कळा त्याला उत्तम साधलेल्या होत्या. म्हणून त्या गप्प बसल्या. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक कधी हाती लागतंय याची त्या वाट बघत होत्या. ते आता स्वतःच चालत घरी आलं होतं, बिस्किटं घेऊन.

सहलीचं स्वयंपाकघर तीन ट्रंकांत बसायचं. हिरव्या पट्ट्याच्या ट्रंकेत भांडी आणि स्टोव्ह. पिवळ्या पट्ट्याच्या ट्रंकेत तांदूळ, कणीक, पोहे. आणि लाल पट्ट्याच्या ट्रंकेत सगळा जीव: गोडा मसाला, डाळी, बेसन, गूळ, तूप, मेतकूट, लोणची. मुक्काम हलताना ट्रंका मुख्य आचारी बघणार, त्यानं मान हलवली की मगच हमाल उचलणार, दुसऱ्या कुणी त्यात लुडबुड करायची नाही, असा कंपनीचा कडक नियम होता. नियम घालून दिला होता तो बाईंनीच, पहिली सहल निघायच्या आधी.

पोर्ट ब्लेअरला बाईंनी दोन दिवस असं काही जेवू घातलं की मंडळी पानावरून उठेनात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नामदेवराव सगळ्यांत पुढे. कंपनीबरोबर त्यांची ही तिसरी सहल. दर जेवणाला ते वाटी पुढं करून म्हणत, मावशी, तुमच्या हाताला तोड नाही. बाई वाढत राहायच्या. एखाद्याला तोंडघशी पाडायचं तर आधी चार माणसांना चटक लावावी लागते, हे त्यांचं गणित.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट होती. तीन तासांवरचं एक लहानसं बेट, तिथं एकच मुक्काम, परतीची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी. पत्रकात चौकटीत छापलं होतं: 'निर्जन बेटावर, समुद्राकाठी, मावशींच्या हातची पुरणपोळी.' लॉजच्या ओसरीवर ट्रंका मांडलेल्या होत्या आणि लाल ट्रंकेवर बाई स्वतः बसल्या होत्या. हमालानं विचारलं. बाईंनी हिरवीकडे बघून मान हलवली, पिवळीकडे बघून मान हलवली. मग उठल्या, लाल ट्रंकेवर सतरंजी टाकली आणि धक्क्याकडे चालू लागल्या.

बाईंनी त्या सहलीआधी समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे हुसेनसागर, तोही गणपतीच्या गर्दीत. आणि इथं वाळू पांढरी, चाळलेल्या रव्यासारखी बारीक. झाडं थेट पाण्यापर्यंत आलेली, पाणी कडेला इतकं नितळ की आपल्याच पायाची बोटं मोजावीत, पुढं हिरवं, त्याच्या पुढं निळं. किनाऱ्यावर माणूस म्हणाल तर दूरवर कुणी नाही. मंडळी खुळावली. नामदेवराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले, बायका साड्या खोचून शिंपले वेचायला लागल्या. बाईही कडेला उभ्या राहिल्या. लाट मागं फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, तशी नेली, आणि त्यांना चक्क हसू आलं. तेवढ्यात हेमंत कॅमेरा घेऊन धावत आला, मावशी इकडं बघा म्हणून. त्यांचं हसू जागच्या जागी जिरलं.

धक्क्याजवळ एका बाईचं भाताचं झोपडी-हॉटेल होतं. निर्वासित होऊन आलेल्या बंगाली घरातली, चाळिशीची असेल. अख्खं बेट तिला बौदी म्हणायचं, म्हणजे आपल्याकडे वहिनी म्हणतात तसं. सुशीलाबाईंनी पहिल्यांदा नाव विचारलं, ती त्यांची खोडच. अनुराधा मंडल. तिची हिंदी आणि बाईंची हैदराबादी एकमेकींना धडकत होत्या, पण चुलीजवळ भाषा लागते किती? भोपळा, केळफूल, कच्ची पपई, ओलं खोबरं, नुकते उतरलेले मासे. बाई माशाला शिवत नसत, पण भोपळ्याची भाजी बघत त्या तिथं तासभर उकिडव्या बसल्या. अनुराधा भिजवलेली मोहरी पाट्यावर घेताना तिच्यात आधीच मीठ आणि हिरवी मिरची घालत होती. मोहरी नुसती वाटली की कडू होते, ते असं मारायचं. हे तिनं सांगितलं नाही. बाईंनी तिच्या हाताकडे बघून ओळखलं. दोघी हसल्या. मग बाईंनी तिला मोठं पातेलं चढवायला सांगितलं, बत्तीस माणसांचं, आणि पिवळ्या ट्रंकेतले तांदूळ आणून दिले. माणसं उपाशी ठेवायची नव्हती. ते पाप त्यांच्या हातून झालं नसतं.

अकरा वाजता हेमंत पुरण कुठवर आलं ते बघायला आला.

"मावशी, लाल ट्रंक कुठाय?"

"लॉजवर."

"विसरली?"

"नाही. ठेवली."

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो वाळूतच बसला. बोट उद्या. बत्तीस माणसं, त्यांत अर्धं मराठी मंडळ, आणि बेटावर गुळाचा खडा नाही. आधी तो हसला, मग त्यानं हात जोडले, मग पायांशी वाकला. बाई तिन्ही वेळा चुलीत लाकूड सारत होत्या. शेवटी त्यानं विचारलं की मी तुमचं काय वाईट केलं. तेव्हा मात्र बाईंनी तोंड वर केलं.

"कामून विचारतोस? तुला माहीत नाही? पानं मांडली की सगळ्यांपुढं उभा राहा. सांग, तीन वर्षं तुम्ही खाल्लं ते या बाईच्या हातचं नव्हतं. आणि माझं नाव घे. मावशी नक्को. नाव. मग जेवण वाढते."

"पण वाढणार काय?"

"ते माझं मी बघते. तू तुझं बघ."

साडेबाराला मंडळी भुकेजून आली आणि झाडांच्या सावलीत केळीच्या पानांवर बसली. हेमंत उभा राहिला. त्यानं सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, ते कबूल केलं पाहिजे: सहलींचा स्वयंपाक सुरेश करत होता, मावशी कधीच बरोबर नव्हत्या, पत्रकावर फोटो तेवढा होता. "आणि त्यांचं नाव," तो म्हणाला, "सुशीलाबाई." तो थांबला. "सुशीलाबाई..." त्यानं बाईंकडे पाहिलं.

त्याला आडनाव माहीत नव्हतं. तीन वर्षं दोन्ही वेळा जेवला, महिनाभर हातानं भरवून घेतलं, फोटो लाखभर कागदांवर छापला, आणि आडनाव माहीत नव्हतं. बाई सगळ्या पानांपुढं उभ्या होत्या. त्यांनी ते सांगितलं नाही. भोग म्हटलं. तो लाल झाला, घामाघूम झाला, आणि बाईंना मनापासून बरं वाटलं. एवढ्याचसाठी त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या.

मग नामदेवराव हसले.

"अहो हेमंतराव, एवढंच ना? आम्हाला तर काही फरक कळला नाही. तीच चव होती की."

त्यांची बायको म्हणाली की खरं सांगायचं तर मागच्या सहलीतली आमटी जरा उजवीच होती. कुणीतरी काय गंमत म्हणून टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी साथ दिली. हेमंतनं रुमालानं कपाळ पुसलं. त्याच्या जिवात जीव आला.

बाईंच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. त्यांना कुणी शिवी दिली असती तर चाललं असतं. ज्या हाताच्या जोरावर त्या अठरा वर्षं ताठ चालत होत्या, तो हात दोनशे पानी वहीत उतरवून घेता येतो आणि जेवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वाटी पुढं करून तोड नाही म्हणणारा हाच माणूस. सूड उगवला होता, आणि थोबाडीत बसली होती ती त्यांच्याच.

तरी त्यांनी वाढलं. पंगत बसवली की वाढावं लागतं. मंडळी भोपळ्याची भाजी बोटं चाटून खाऊ लागली, मासे खाणारे माशांवर तुटून पडले, पुरणपोळीचं नावही कुणी काढलं नाही. हे काय नवीनच, बौदी लाजवाब, असा गलका झाला. हेमंतनं कॅमेरा काढला आणि अनुराधाला पातेल्याजवळ उभं करून चार बाजूंनी फोटो घेतले.

सगळे पुन्हा पाण्याकडे गेले, तसं अनुराधानं एक पान पुसून मांडलं आणि बाईंना दंडाला धरून बसवलं. बैठो दीदी, म्हणाली. अठ्ठ्याहत्तरपासून बाईंना कुणी वाढलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या शेवटी, चुलीशी बसून, आपलं आपण घ्यायच्या. भात आला, भोपळा आला, खोबरं आलं. बाईंनी घास घेतला. चांगलं होतं. दुसऱ्याच्या हातचं होतं, आणि ते अनुराधाचंच होतं, आणखी कुणाचं असणं शक्य नव्हतं. नामदेवरावांच्या जिभेला कळो न कळो, या जिभेला कळत होतं. बाई तिथं रडल्या. मोहरीवर ढकलायची सोय होती, पण अनुराधानं काही विचारलंच नाही. न विचारता तिनं दुसऱ्यांदा भात वाढला.

परत आल्यावर बाईंनी सुलतान बाजारात जाऊन सहा ताटं आणली आणि खानावळ पुन्हा मांडली. सहाच. त्यांच्या हातून आता तेवढंच होत होतं.

एप्रिलात एका दुपारी हेमंत आला. या खेपेला बिस्किटं नव्हती, नवं पत्रक होतं. बाईंचा फोटो गेला होता. त्या जागी अनुराधा, पातेल्याजवळ, वाफेत डोळे बारीक करून हसणारी, आणि खाली ओळ: 'बेटावरच्या बौदींच्या हातचं.' आता उटी असो की सिमला, प्रत्येक सहलीत एक दिवस बेटाचं जेवण ठेवलं होतं. लोकांनी तीच मागणी केली होती. रांधणार अर्थात सुरेश.

"फक्त ती भोपळ्याची भाजी कडू होतेय, मावशी," हेमंत म्हणाला. "सुरेशनं दहा वेळा केली. तुम्ही तिथं तासभर बसला होतात ना, तिच्याजवळ."

बाईंच्या जिवाला जे थंड वाटलं ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात माठ फुटून पायावर पाणी यावं तसं. म्हणजे काही काही वहीत उतरत नाही तर. त्यांनी हेमंतला बस म्हटलं. सहा पोरं जेवायला बसलीच होती, त्यांच्या ओळीत त्याला स्वतःचं ताट दिलं, आणि त्या दिवशीची भाजी वाढली. भोपळा होता, मोहरी लावलेला. हेमंतनं एक घास खाल्ला आणि झोळीतून वही काढली. तीच वही, सुरेशची, तेलाचे डाग पडलेली.

"हीच. काय घातलंत?"

"भोपळा."

"मावशी, मस्करी नको. मोहरीला काय करता?"

बाईंनी त्याच्या ताटात भात वाढला. "तिचं नाव काय, हेमंत?"

"कुणाचं?"

बाईंनी पळीनं पत्रकाकडे दाखवलं. हेमंतनं पत्रकाकडे पाहिलं, जणू तिथं छापलेलं असेल.

"बौदी," तो म्हणाला. "सगळे बौदीच म्हणतात ना."

कडेला बसलेल्या पोरानं भाजी मागितली आणि फार छान झालीय म्हणाला. बाई त्याच्याकडे गेल्या. "अनुराधाची आहे," त्या म्हणाल्या, "अनुराधा मंडल. मी नुसती केली." मग परत हेमंतपाशी आल्या आणि त्यालाही आणखी वाढली. मायेनं वाढतात तशी, भरपूर.

तो बराच वेळ बसला. पोरं उठून हात धुऊन गेली. पेनाचं टोपण काढलेलं होतं, वहीचं पान कोरं होतं, आणि तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता, हमाल बघायचे तसा. बाईंनी मान हलवली नाही. अखेर तो पाया पडायला वाकला तेव्हा बाई खरकटं उचलायला वाकल्या होत्या, त्यामुळे ते राहिलंच. जिना उतरताना त्यानं शीळ घातली नाही. बाईंनी नीट कान देऊन ऐकलं.

पत्रक तो तिथंच विसरला होता. बाईंनी ते फाडायला उचललं, मग त्यावर कोण आहे ते बघून थांबल्या. शिताचा गोळा लावून त्यांनी ते पाट्याच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं. हिशेबाची पेन्सिल शोधून काढली आणि छापलेल्या ओळीवर काट मारून खाली लिहिलं, चौथीनंतर कधी न लिहिलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत: अनुराधा मंडल.

मग पातेल्यात उरलं होतं ते त्यांनी आपलं आपण ताटात घेतलं आणि शेगडीशी जेवायला बसल्या.